मदत हवी आहे: स्वयंपाकघर आणि कार्यशाळा या दोन्हींसाठी एकच फिरता तापमान नियंत्रक

नमस्कार,

थंडीत घरी विरजण लागत नाही आणि कार्यशाळेत इपॉक्सीने चिकटवलेले सांधे गार हवेत लवकर कडक होत नाहीत, म्हणून दोन्हीकडे उचलून नेता येईल असा एकच तापमान नियंत्रक मी बांधायला घेतला आहे. पेटीत पीआयडी कंट्रोलर (ठरवलेले तापमान राखण्यासाठी उष्णता कमी-जास्त करणारा) आणि ४० अँपिअरचा एसएसआर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, बाहेर के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) येते आणि बाजूच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये हवे ते उपकरण लावायचे, अशी रचना आहे.

याआधी मी साधा चालू-बंद पद्धतीचा कंट्रोलर वापरून पाहिला. ८ लिटर पाण्यात १००० वॅटचा रॉड सोडला की पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर यायला बारा-एक मिनिटे लागत. मात्र सेन्सर तळाशी आणि गरम पाणी वर अशी स्थिती असल्याने वरचा थर त्याहून बराच तापलेला असे आणि दह्याच्या बरण्यांना एकसारखी ऊब मिळत नसे. आता पाणी फिरते ठेवण्यासाठी मत्स्यपेटीतला छोटा पंप लावला आहे, त्यामुळे हा दोष जवळजवळ गेला आहे. कार्यशाळेत १०० वॅटचे दोन साधे बल्ब बसवलेली प्लायवूडची पेटी असून ती ५० अंशांवर ठेवायची आहे.

पहिली अडचण पीआयडीच्या आकड्यांची, म्हणजे तापमानातल्या फरकाला कंट्रोलरने किती जोराने प्रतिसाद द्यायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगची आहे. पाणी तापते हळू आणि निवते त्याहून हळू, तर बल्बची पेटी काही मिनिटांत प्रतिसाद देते. त्यामुळे ऑटोट्यूनने (कंट्रोलरने स्वतः चाचणी घेऊन हे आकडे ठरवण्याची सोय) दोन्हीकडे अगदी वेगळे आकडे निघतात आणि माझ्या कंट्रोलरमध्ये त्यांचा एकच संच राहतो. दोन्ही संच कागदावर लिहून पेटीवर चिकटवावेत आणि दर वेळी हाताने भरावेत, की जागा बदलली की ऑटोट्यूनच पुन्हा करावे?

दुसरा प्रश्न पेटीचा. एसएसआरवर साधारण दीड व्होल्टचा फरक पडतो असे धरले, तर या रॉडच्या सव्वाचार अँपिअरला ६ ते ७ वॅट उष्णता तयार होते आणि पुढेमागे २००० वॅटची शेगडी लावली तर ती दुप्पट होईल. बंद प्लास्टिकच्या पेटीत ही उष्णता कोंडेल, म्हणून अर्थिंग जोडलेली धातूची पेटी घेऊन हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) बाहेरच्या अंगाला बसवण्याचा माझा विचार आहे. ओल्या हाताने वावर असलेल्या स्वयंपाकघरात हे योग्य ठरेल का? या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे.

सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. एसएसआर बिघडला की तो बहुधा शॉर्ट होऊन चालूच राहतो. त्यासाठी कंट्रोलरच्या अलार्म रिलेवरून (तापमान मर्यादेबाहेर गेले की बदलणारा छोटा स्विच) कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) चालवून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडता येतील. पण थर्मोकपलच पाण्याबाहेर निसटले तर कंट्रोलर गार हवा मोजत रॉड पेटता ठेवील आणि अलार्मही त्याच सेन्सरवर अवलंबून असल्याने वाजणार नाही. म्हणून गीझरमध्ये असतो तसा स्वतंत्र थर्मोस्टॅट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घालावा असे मला वाटते. दह्यासाठी तो ५५ अंशांच्या आसपास तोडणारा हवा, बल्बच्या पेटीसाठी ७० अंशांच्या. असा तोडण्याचे तापमान बदलता येणारा, नळीवाला (पातळ नळीच्या टोकाने तापमान जाणणारा) थर्मोस्टॅट कोणी अशा फिरत्या पेटीत बसवला आहे का, आणि त्याची नळी पाण्यात नेमकी कुठे ठेवली होती?