व्हॅम्पायर, धास्ती आणि शिसारी

घोडबंदरकर: आमच्या कॉम्प्लेक्समधल्या वाचनगटासाठी एका इंग्रजी भयकादंबरीवर पानभर लिहायचंय. अमेरिकेतलं सुखवस्तू उपनगर, तिथे राहायला आलेला गोडबोल्या शेजारी, आणि तो निघतो व्हॅम्पायर. बायकांना संशय येतो, नवरे हसण्यावारी नेतात. तिथवर मी गार! मग नुसता रक्तामांसाचा चिखल. एक, 'रक्तपिपासू' लिहू की 'पिशाच्च'? दोन, दोन्ही भागांना 'भीतीदायक' म्हणवत नाही.

नौपाड्याची: रक्तपिपासू हे विशेषण हुकूमशहाला नाहीतर सावकाराला लागतं. पिशाच्च मूळ संस्कृतात मांस खाणारं खरं, पण मराठीत आता कुठल्याही भुताला चालतं. वेताळ तर नकोच. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याचा व्हॅम्पायर केला. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो. कोकणात त्याची देवळं आहेत, नवस बोलतात! सरळ व्हॅम्पायर लिहा.

वाशीकर: क्रियापदं बघा की. आपलं भूत लागतं, धरतं, झपाटतं, फार तर मानगुटीवर बसतं. मानेपर्यंत पोचूनही चावत नाही बिचारं. शिवाय त्याचा पत्ता ठरलेला, मुंजा म्हटला की पिंपळ. हा गृहस्थ मात्र घर बघून राहायला येतो. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'तला नियम असा की घरच्या कुणीतरी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. म्हणजे 'या ना, चहा घेऊनच जा' म्हणणारे आपण सगळे मेलोच.

घोडबंदरकर: नेमकं तेच टोचलं. तो आत येतो तो यजमानीणबाईंच्या भिडस्तपणामुळे. पण याला भीती म्हणू?

नौपाड्याची: धास्ती म्हणा. भीती समोर उभ्या असलेल्याचीही वाटते. धास्ती अजून न घडलेल्याची, म्हणून ती दिवसेंदिवस पुरते. उत्तरार्धाला शिसारी. किळस झुरळाची किंवा उष्ट्या ताटाची येते, शिसारीला माणसाचं वागणंही पुरतं. नाट्यशास्त्रात हे रसच वेगळे आहेत: भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे शिसारीच. तुमच्या लेखकाने भयानकात सुरुवात करून बीभत्सावर भागवलंय. माझ्या मते ती पळवाटच, कारण धास्ती टिकवणं अवघड.

वाशीकर: पळवाट कशी? इतकी पानं आडून आडून चालल्यावर रक्त दिसायलाच हवं. नाहीतर वाचक फसल्यासारखा होतो.

नौपाड्याची: दिसू दे की. चिखल कशाला?

मूळ_ठाणेकर: उपनगर शब्दावर माझी हरकत. मुंबईचं उपनगर मुलुंडला संपतं, ठाण्याला उपनगर म्हणू नये! तिथलं उपनगर म्हणजे बंगले, हिरवळ, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे व्हॅम्पायर दिवसा झोपला तर कामवाल्या मावशी, कुरिअरवाला, गॅसवाला यांनी बेल वाजवूनच त्याला संपवला असता. 'बंगल्यांची वसाहत' लिहा, चित्र लगेच उभं राहील.

घोडबंदरकर: वसाहत घेतली. आता शेवटचं. 'संमिश्र भावना' फार वर्तमानपत्री वाटतं. 'वाचवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं' कसं?

वाशीकर: 'वाचवत नव्हतं' म्हणजे लोकांना वाटेल पुस्तक वाईट आहे.

नौपाड्याची: वाटू दे, अर्धं आहेच. फक्त 'ठेववत'च्या जागी 'सोडवत' करा.