संडास धुण्यावरून घरात वाद: ॲसिड, ब्लीच, की नुसतं पाणी आणि खराटा?

इंदिरानगरकर (धागा यांचा):
आमच्या घरात माणसं सहा, संडास दोन. एक कमोडचा, एक बैठा. ते कसे धुवायचे यावर तीन मतं. सासूबाई रोज दोन बादल्या पाणी ओतून खराटा मारतात आणि रविवारी ॲसिड टाकतात. मिस्टरांना कपड्यांचं ब्लीच आवडतं, कारण त्यानं भांडं पांढरंशुभ्र दिसतं. माझं म्हणणं, हे दोन्ही जहाल प्रकार घरात नकोतच. साबणाचं पाणी, ब्रश, आणि शेवटी वायपर मारून फरशी कोरडी करायची.

गेल्या रविवारी जे झालं त्यामुळे लिहितेय. सासूबाईंनी सकाळी बैठ्या संडासात ॲसिड टाकलं, ते मुरेपर्यंत त्या पूजेला बसल्या. मिस्टरांना याची कल्पना नव्हती. त्यांनी त्यावरच दोन झाकणं ब्लीच ओतलं. आत खिडकी म्हणजे वरची एवढीशी जाळी. घसा आतून ओरबाडावा तसा वास सुटला, तो स्वयंपाकघरात मलाही लागला. हे खोकत, डोळे चोळत बाहेर आले. त्यांना गॅलरीत बसवलं, खिडक्या उघडल्या, मुलांना खाली पाठवलं. तासाभरानं खोकला थांबला, पण छाती जड वाटत होती म्हणून संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आलो. आता बरे आहेत.

त्या दिवसापासून घरात अबोला आहे. सासूबाई म्हणतात, "चाळीस वर्षं ॲसिड वापरतेय, मला कधी काही झालं नाही, तुमच्या ब्लीचनं झालं." मिस्टर म्हणतात ॲसिडनं झालं. मी म्हणते, दोन्ही फेका. तुमच्याकडे कसं करतात ते लिहा.

पाथर्डीफाटा:
ताई, फेका म्हणणं सोपं आहे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात निम्मं पाणी बोअरचं असतं. भांड्यात पाणी जिथून उतरतं तिथे पांढरा-पिवळा खरबरीत थर बसतो, नख लावलं तर नख झिजतं. तो थर म्हणजे क्षार. साबणानं तो हलत नाही. ब्लीचनं तर अजिबात नाही, फक्त त्याचा रंग उडतो आणि आपल्याला वाटतं स्वच्छ झालं. त्या खरबरीत थरातच घाण धरून राहते आणि वास येत राहतो. क्षार विरघळायला आम्लच लागतं. तुमचे मिस्टर पांढरं करतायत, स्वच्छ करत नाहीयेत. या बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे.

इंदिरानगरकर:
मग दुकानात मिळतं ते निळं लिक्विड वापरावं ना, ॲसिड कशाला?

पाथर्डीफाटा:
बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लच असतं, साधारण दहा टक्के. दाट केलेलं असतं म्हणून भांड्याच्या कडेला चिकटून राहतं, आणि रंग घातलेला असतो. म्हणजे रविवारी ॲसिडऐवजी निळं लिक्विड असतं तरी ब्लीच पडल्यावर तेच झालं असतं.

प्रयोगशाळा:
हे वाक्य सगळ्यांनी घरी मोठ्यांदा वाचून दाखवा. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा जड असतो, म्हणून वाकून घासणाऱ्या माणसाच्या तोंडाशी तो जास्त असतो. ताई, तुमच्या घरात ॲसिडनंही झालं नाही आणि ब्लीचनंही नाही, दोन्ही एकत्र आल्यानं झालं. आई आणि मुलगा दोघंही आपापल्या बाटलीची बाजू घेतायत म्हणून भांडण मिटत नाहीये.

तुमचं एक मात्र पटत नाही. साबण आणि ब्रशनं घाण निघते, रोजच्यासाठी ते पुरेसं आहे, पण क्षार तसेच राहतात. वर कोणी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकायला सांगेल, तेही आताच सांगते: फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. व्हिनेगर एकटं वापरलं तर पातळ थर निघतो, जाड थराला वेळ लागतो.

जुनंनाशिक:
सासूबाईंच्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

माझं लहानपण भद्रकालीतल्या वाड्यात गेलं. आठ बिऱ्हाडं, आणि मागच्या बोळाच्या अंगाला दोन टोपलीचे संडास. सकाळी हातात डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. बोळातून एक बाई यायच्या, खालचं पत्र्याचं झापड वर करून टोपली ओढायच्या, खरडून पुढच्या वाड्याकडे जायच्या. पावसाळ्यात ते सगळं बोळात वाहायचं आणि त्या त्यातूनच चालायच्या. आम्हा पोरांना त्या बोळात जायची बंदी होती. आई त्यांना वरून हात न लावता भाकरी टाकायची. इतकी वर्षं त्या आमच्या दारात आल्या, पण त्यांचं नाव काय हे आमच्यातल्या कोणालाही सांगता येणार नाही. मला त्याची शरम वाटते. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, आणि २०१३ साली त्याहून कडक कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

वाड्यात पाण्याचा संडास झाला तेव्हा आई बादलीवर बादली ओतून बघत राहिली. पाणी ओतलं की सगळं जातं आणि कोणाला हात लावावा लागत नाही, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. दोन बादल्यांना उधळपट्टी म्हणू नका.

इंदिरानगरकर:
दादा, हे वाचून गप्प झाले. उधळपट्टी म्हणून मी बोलत नाही. पाणी उडून दाराबाहेर पायपुसण्यापर्यंत येतं, तेच ओले पाय घेऊन मुलं स्वयंपाकघरात येतात, आणि तीच बादली आंघोळीला जाते. माझं भांडण त्या बादलीशी आहे.

सिडकोतली काकू:
बादलीचं मात्र सुनेचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे संडासचा मग लाल, बादली लाल, आणि ते त्या दाराबाहेर येत नाही. पण फरशी कायम कोरडी हवी हा हट्ट मला पटत नाही. बैठा संडास आहे, वापरला की पाणी लागणारच. रात्री झोपायच्या आधी एकदा वायपर मारा, झालं. दिवसभर माणसांच्या मागे वायपर घेऊन फिरलात तर घरात दुसरं काही होणार नाही. आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो म्हणून कोरडं हवं असं सांगा, सासूबाई लगेच ऐकतील. जंतू सांगितलेत तर नाही ऐकणार.

मखमलाबादकर:
ज्यांच्याकडे महापालिकेची ड्रेनेज लाइन आहे त्यांचं पाणी तपोवनसारख्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं. आमच्या मळ्यातल्या घराला सेप्टिक टँक आहे. त्यातली घाण जिरवण्याचं काम जिवंत जंतूच करतात. माझा भाऊ रोज ब्लीच ओतायचा. टाकी लवकर भरायला लागली, आवारात वास यायला लागला. टाकी उपसायला आलेल्या माणसानं आधी हेच विचारलं, "काय ओतता रोज?" आम्ही रोजचं ओतणं बंद केलं. आता रोज ब्रश आणि पाणी, महिन्यातून एकदा थोडं क्लीनर. टाकीवाल्यांनी आधी टाकीचा विचार करा.

साधंसोपं:
मला या सगळ्याच चर्चेचं आश्चर्य वाटतं. घर आहे, दवाखाना नाही. आमच्या आजीनं राखेनं आणि खराट्यानं दहा माणसांचं घर निभावलं. रोज धुवा, दार उघडं ठेवा, साबणानं हात धुवा. जंतुनाशक कशाला हवं? त्याच्या वासानंच त्रास होतो.

नाशिकरोडची सिस्टर:
मी वीस वर्षं वॉर्डात काम करते. साबणानं हात धुणं सगळ्यात वरचं, यात तुमच्याशी पूर्ण सहमत. रोज जंतुनाशक लागत नाही, हेही मान्य. पण घरात एखाद्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की राख आणि खराटा पुरत नाही. बैठा असो की कमोड, लोक भांडं चकचकीत करतात आणि ज्याला प्रत्येकाचा हात लागतो ते तसंच ठेवतात. जेटचा दांडा, फ्लशचं बटण, नळाची चावी, आतली कडी. तुमच्याकडची कडी आज बघा, बोट फिरवा. आमच्या घरची मी बघितली तेव्हा कडीच्या मागे काळं किटण होतं, आणि मी स्वतः सिस्टर.

आजारपणात ब्लीच वापरायचं तर आधी साबणानं घाण काढा, कारण घाणीत ब्लीचची ताकद संपते. मग ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ माप ब्लीचला ४९ मापं पाणी. उलटी किंवा जुलाब सांडला असेल तिथे १ ला ९. दहा मिनिटं ठेवायचं, मग पाणी. लागेल तेवढंच त्या दिवशी करायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नसतं. त्या आठवड्यात ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर कपाटात कुलपात.

साधंसोपं:
सिस्टर, आजारपणापुरतं मान्य. रोजचं नाही.

गंगापूररोड२०:
कमोडवाल्यांनी झाकण बंद करून फ्लश करावं हे राहिलं. २०२२ मध्ये अमेरिकेत लेझरच्या उजेडात फ्लशचे तुषार टिपले होते, आठ सेकंदांत दीड मीटर वर गेलेले दिसतात. आमच्याकडे ब्रश-पेस्टचा कप त्याच बाथरूममध्ये असायचा. मी उचलून बाहेर नेला.

प्रयोगशाळा:
झाकण लावाच, पण त्यावर विसंबू नका. नंतर २०२४ मध्ये झालेल्या अभ्यासात झाकण बंद असलं तरी विषाणू आजूबाजूला पसरल्याचं दिसलं. फरक पडला तो जंतुनाशक आणि ब्रशनं भांडं घासल्यामुळे. कप बाहेर नेलात ते उत्तम केलंत.

पाथर्डीफाटा:
सुट्या ॲसिडबद्दलही बोलायला हवं. मी आम्लाच्या बाजूचा आहे, पण सायकलवर साध्या पाण्याच्या बाटलीत भरून विकतात त्या ॲसिडच्या बाजूचा नाही. त्यावर ना नाव, ना टक्केवारी. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सुट्या ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली, घेणाऱ्याची नोंद आणि ओळखपत्र सक्तीचं केलं, तरी आमच्या गल्लीत आरोळी येतेच. आणि शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेलं ॲसिड एखाद्या लेकरानं तोंडाला लावलं तर? शिवाय त्यानं फरशीचे सांधे खाल्ले जातात. आमच्या जुन्या घरातला कडप्पा पांढरा पडला आणि नळांवर काळे डाग आले ते त्या वाफेनंच.

सातपूरकर:
सगळे 'कसं धुवायचं' बोलतायत. 'कोण धुतं' ते बोला. कंपनीतल्या माझ्या शिफ्टमध्ये बारा जण आहेत, एकदा जेवताना विचारलं. दोघांनी स्वतः संडास धुतला होता. बाकीच्यांकडे बायको, आई, नाहीतर कामाच्या मावशी. जो कधी धूत नाही त्यालाच ब्लीच आणि ॲसिड एकत्र चालत नाही हे ठाऊक नसतं.

कॉलेजरोड:
इथे मी विरोधात आहे. आमच्या मावशी संडास धुतात, त्याचे वेगळे पैसे घेतात, हातमोजे आम्ही देतो. त्या स्वतः म्हणाल्या म्हणून काम दिलं. त्यात अपमान कसला? काम काढून घेतलं तर त्यांचे पैसे जातील.

सातपूरकर:
पैसे जाऊ नयेत हे खरं. पण मावशींना तुमच्याच घरातला तो संडास वापरायची मुभा आहे का? माझ्या ओळखीच्या तीन घरांत नाही. धुवायचा त्यांनी, गरज लागली तर खाली वॉचमनच्या संडासात जायचं. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांची धर्मशाळा आपल्या नाशकात आहे, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाताना त्यांच्या नावाच्या पुलावरून आपण जातो. तरी घरातली पुरुष माणसं खराट्याला हात लावत नाहीत.

कॉलेजरोड:
नाही, मुभा नव्हती. कोणी मनाई केली नाही, पण कधी म्हटलंही नाही. उद्या सांगते त्यांना.

जुनंनाशिक:
ताई, त्यांचं नाव घेऊन सांगा.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला. वाड्याचं ऐकताना त्या मध्येच थांब म्हणाल्या. त्यांच्या माहेरी येवल्यालाही तसाच बोळ होता, त्या बाईंना काय म्हणायचे ते आठवतंय का बघत होत्या. नाही आठवलं.

माझं मत मी बदललं आहे. आम्ल घरात राहील, पण दुकानातून छापील बाटलीत आणलेलं, महिन्यातून दोनदा, आणि सायकलवाल्याकडचं बंद. ब्लीच धुण्याच्या कपाटात, दुसऱ्या खोलीत. संडासाच्या दाराला पाटी लावली आहे, त्यावर 'आज काय टाकलं, किती वाजता' हे खडूनं लिहायचं. पहिली ओळ सासूबाईंनी लिहिली: "काही नाही. फक्त पाणी. ६.१०." कडी मी स्वतः घासली. सिस्टर, आमचंही तसंच निघालं.

बादलीचा वाद मिटलेला नाही. लाल बादली आणली तर सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या जन्माआधीपासून ही बादली आहे, चांगली आहे, फेकू देणार नाही." मग जुनी पितळेच्या कडीची बादली संडासाला आणि लाल आंघोळीला, असं ठरलं. वायपर त्या मारणार नाहीत, कंबर दुखते. तो रात्री मिस्टर मारतात. काल कोपऱ्यात पाणी राहिलं होतं, आज मी त्यांना कुठून ओढायचं ते दाखवलं.