क्रिकेटच्या अंडर नाईन्टीन वर्ल्ड कपची क्वालिफायर (पात्रता स्पर्धा): एका विभागाला एक जागा, हे बरोबर की चूक?

डिचोलीकर:
रविवारी नाक्यावर यावरून बराच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. २०२४ च्या वर्ल्ड कपला १६ टीम होत्या, ११ थेट आलेल्या आणि उरलेल्या ५ जागा पाच विभागांना, प्रत्येकी एक. आशियातून नेपाळ, आफ्रिकेतून नामिबिया, युरोपातून स्कॉटलंड, अमेरिका खंडातून यूएसए आणि ईस्ट एशिया पॅसिफिकमधून न्यूझीलंड. काही जण म्हणतात विभागवाटणी बंद करा, सगळ्यांची एकच मोठी क्वालिफायर घ्या आणि त्यातले चांगले पाच पाठवा. मला हे अजिबात पटत नाही. असं केलं तर जपान, नायजेरिया, टांझानिया यांची पाळी यायची कधी? टांझानिया २०२६ च्या वर्ल्ड कपला पहिल्यांदा पोचली ती आफ्रिकेतून क्वालिफाय होऊनच. आणि आम्हा गोंयकारांना तर हे कोणी समजवायला नको, इंडियाकडून टेस्ट खेळलेले दिलीप सरदेसाई जन्मले मडगावात पण खेळले मुंबईकडून, कारण तेव्हा गोव्याची रणजी टीमच नव्हती, १९८५-८६ ला आपली टीम उतरली तेव्हा कुठे इथल्या पोरांना घरच्या घरी रस्ता मिळाला. आधी कर्नाटक तामिळनाडूच्या बरोबरीचे व्हा मग या असं कोणी म्हटलं असतं तर आपण आजपण बाहेरच असतो.

फोंड्याचा कीपर:
दादा तुझं म्हणणं कळलं, पण स्कोअर बघ ना जरा. ऑगस्ट २०२३, टोरांटो, अमेरिका खंडाची क्वालिफायर. यूएसए ५० ओव्हरमध्ये ८ बाद ५१५, अर्जेंटिना ६५ ऑल आउट, ४५० रननी हार. त्या अर्जेंटिनाच्या पोरांच्या हाताला काय लागलं? मी तालुक्याकडून अंडर सिक्स्टीन खेळायचो तेव्हा एकदा आम्ही असा मार खाल्लाय, दुपारभर बॉल आणायला पळत होतो, परत येताना बसमध्ये कोण कोणाशी बोलेना आणि पुढच्या सीझनला तिघंजण नेटला आलेच नाहीत, त्यातला एक आमचा सगळ्यात चांगला बॉलर होता. आणि एवढं ठोकून गेलेली यूएसए वर्ल्ड कपमध्ये इंडियाकडून २०१ रननी हरली. जपान तर २०२० ला ब्लूमफॉन्टेनला ४१ ऑल आउट, इंडियाने पाचव्या ओव्हरमध्येच मॅच संपवली. ती जागा तरी कशी मिळाली, तर जपानातल्या सानोला क्वालिफायरची शेवटची मॅच पापुआ न्यू गिनी खेळलीच नाही, त्यांच्याच बोर्डाने शिस्तीच्या कारणावरून १४ पैकी ११ पोरं बाहेर बसवली होती. जपानच्या पोरांचा यात काडीचा दोष नाही, पण मैदानात न हरवता वर्ल्ड कपला पाठवलं आणि तिथे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं.

मांद्रेकर:
पात्रांव, ५१५ चं सांगतोस तर नोव्हेंबर २०२४ चं आपल्या पर्वरीचं रणजी मॅचचं पण सांग की. अरुणाचल विरुद्ध आपली २ बाद ७२७, कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, दोघांची ६०६ ची भागीदारी, रणजीतली सगळ्यात मोठी. अरुणाचल ८४ आणि ९२, डाव आणि ५५१ रननी गेले. तेव्हा अख्खा गोवा खूश होता, मीपण होतो. मग अरुणाचलला रणजीतून काढा म्हणायचं का? ती टीम २०१८-१९ ला आली, आपल्याला आता चाळीस वर्षं होतील.

फोंड्याचा कीपर:
अरे पण तीच मॅच माझ्या बाजूची आहे! आपण तेव्हा प्लेटमध्ये, म्हणजे रणजीच्या खालच्या गटात का होतो, तर आदल्या सीझनला एलिटमधून, वरच्या गटातून, खाली पडलो म्हणून. प्लेट जिंकली आणि परत वर गेलो. ही पायरी आहे म्हणून तर अरुणाचलला निदान मुंबईसमोर उभं करत नाहीत. अर्जेंटिनाला अशी पायरी कुठे होती, चार टीमची क्वालिफायर आणि त्यात थेट यूएसए. मी त्यांना काढा म्हणत नाहीये रे, आधी त्यांना बरोबरीच्या दहा मॅच द्या म्हणतोय.

डिचोलीकर:
आफ्रिकेत डिव्हिजन टू, म्हणजे क्वालिफायरची खालची पायरी, आहेच, तिथून जिंकून मग वर. अमेरिका खंडात पण पाहिजे, हे तुझं मला मान्य. पण त्यासाठी विभागाची जागाच काढून टाकायची हे नाही पटत. २०१६ ला कॉक्सबझारला नामिबियाने साऊथ आफ्रिकेला हरवलं, आधीच्या वर्ल्ड कपचे चॅम्पियन, सरळ कपच्या शर्यतीतून बाहेर काढलं. २०२४ ला नेपाळने अफगाणिस्तानला एका विकेटने हरवून सुपर सिक्स, म्हणजे पुढची फेरी, गाठली. ही पोरं वर्षानुवर्षं क्वालिफायर खेळून तयार झालीत.

म्हापशाची मेघा:
मला न्यूझीलंडचं खटकतं, त्यावर कोण बोलतच नाही. २०२२ ला क्वारंटाईनमुळे ते वर्ल्ड कपला आले नाहीत, ठीक आहे, लहान पोरं होती. पण मग थेट जागा गेली म्हणून त्यांना २०२३ ला डार्विनला ईस्ट एशिया पॅसिफिकच्या क्वालिफायरमध्ये घातलं आणि ती एकच जागा तेच घेऊन गेले. पापुआ न्यू गिनी, जपानच्या पोरांनी दोन वर्षं प्रॅक्टिस केली ती कशाला? १९ वय झालं की संपलं ना, पुढच्या वेळी बघू म्हणायची सोयच नाही त्यांना. एका विभागाला एक जागा ठेवायची असेल तर मोठ्या बोर्डाच्या टीमला त्यात घालू नका, त्यांना वेगळी सोय करा.

फोंड्याचा कीपर:
हे मात्र शंभर टक्के. बाकी माझं मत आहे तेच.

म्हापशाची मेघा:
तुझं मत असूदे, पण पोरींच्या वर्ल्ड कपकडे पण बघ जरा. जानेवारी २०२५, मलेशिया, एकाच गटात दोन्ही गोष्टी झाल्या. सामोआ साऊथ आफ्रिकेसमोर १६ ऑल आउट, सोळा, अख्खी टीम. आणि नायजेरियाने १३ ओव्हरच्या मॅचमध्ये ६५ करून न्यूझीलंडला २ रननी हरवलं. दोघी आपापल्या विभागातूनच आलेल्या. मला सामोआच्या पोरींसाठी वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण त्यांना आणलं नसतं तर त्याच नियमाने नायजेरियाला पण आणलं नसतं.