काठावरच्या भाडेकरूंचं काय?

कुणी कुणी म्हणतं, नागपूरच्या गांधीसागर तलावाचा काठ सजला, रस्ते रुंद झाले की शेजारच्या महाल भागात घरांचे भाव वाढतील. वाढतीलही, पण ज्यांना इथंच राहायचंय त्यांना त्या भावाचा काय उपयोग? हा जुना जुम्मा तलाव, गोंड राजा चांद सुलतानच्या काळात नाल्याला बांध घालून केलेला. काठावर दिवे, कारंजी लावा, छानच दिसतील. पण आधी तलावात येणारं सांडपाणी थांबवा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं किती गरजेचं आहे, हे तेव्हा सगळ्या नागपूरनं पाहिलं. आणि या कामासाठी काठावरचा वाडा पाडायच्या आधी त्यातल्या भाडेकरूला नवी खोली कुठं मिळणार, ते कागदावर लिहून द्या. तोंडी आश्वासनावर कुणी घर सोडू नका जी.