विषय : मायदेशातील मिशनकार्याला आमच्या चर्चचा आधार

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार आणि सलाम.

आपल्या मंडळातील आम्ही काही ख्रिस्ती कुटुंबे इथल्या ज्या चर्चमध्ये जातो, त्या चर्चने परदेशातील मिशनकार्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करायचे ठरवले आहे. त्यातील काही भाग पुणे परिसरातील मुलींचे वसतिगृह आणि खेड्यांतील सुवार्ताकार्य यांना मिळावा, अशी सूचना आम्ही केली आहे. नाताळच्या सुमारास एकरकमी देणगी पाठवावी, असा कमिटीचा कल दिसतो. पुण्यात चर्च ट्रस्टचे हिशेब पाहणाऱ्या दादांनी यावर आपले मत कळवावे, ही विनंती.

आपली बहीण,
न्यू जर्सी

---

प्रिय ताई आणि मंडळातील सर्व स्नेही,

सप्रेम सलाम. रक्कम निम्मी झाली तरी चालेल, पण वचन किमान पाच वर्षांचे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकरकमी देणगीतून भिंतींना रंग लागतो आणि पाण्याची टाकी उभी राहते; वॉर्डनचा पगार, किराणा आणि सुवार्तिकाचे मानधन मात्र दर महिन्याला द्यावे लागते, आणि जूनमध्ये वह्या-गणवेशाचा खर्च येतो तोवर नाताळची देणगी संपलेली असते.

मुदतीच्या वचनाने काय साधते, हे पुण्याने पाहिलेले आहे. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिने पंडिता रमाबाईंच्या नियोजित शाळेचा भार दहा वर्षे उचलण्याचे मान्य केले आणि गावोगावच्या सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर द्यायचे कबूल केले. (ही संस्था धर्मप्रसारासाठी नव्हती आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती नसावी, असेच तिचे धोरण होते, हे आपल्या मिश्र मंडळात आवर्जून सांगायला हवे.) त्या भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या, तरी बोस्टनची मदत थांबली नाही. नुसत्या सद्भावनेवर चाललेली शाळा त्या वर्षी बंद पडली असती, असे मला वाटते. मुदत संपत आल्यावर 1898 मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि संस्थेची नवी घडी बसली.

आता कायद्याविषयी. विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच तुमच्या चर्चचे पैसे घेता येतात आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावे लागतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा आता 20 टक्के आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका संस्थेने ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आहे. त्यामुळे पुण्यातल्या मोठ्या ट्रस्टकडे पाठवून खेड्यातल्या लहान संस्थेला देऊ, हा जुना मार्ग बंद झाला आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदानात धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची मात्र धरली जाते, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही. मित्राच्या किंवा पाळकांच्या खासगी खात्यात पैसे टाकून या नियमांना वळसा घालण्याचा विचारही कोणी करू नये, कारण त्याचे परिणाम इथल्या संस्थेला भोगावे लागतात.

हिशेब जरूर मागा, लेखापरीक्षकाच्या अहवालाची प्रतही मागा. परंतु वर्षभरात किती बाप्तिस्मे झाले, हा आकडा मागू नका आणि वसतिगृहातल्या मुलींचे फोटो तर नकोतच. मदत घेणाऱ्याला आकडे दाखवायची सवय लागली की कामाची दिशाच बदलते.

आणखी एक अट तुम्ही घालावी, अशी माझी इच्छा आहे : तुमच्या वचनाबरोबर इथल्या चर्चच्या मंडळीनेही आपला वाटा लेखी कबूल करावा. बंगालमधील सेरामपूर येथे 25 डिसेंबर 1905 रोजी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्था या तत्त्वावरच. देण्याची दानत इथे आहे. आमच्या कापणीच्या सणाला एखादी मावशी परसातल्या मेथीच्या दोन जुड्या आणते, लिलावात कोणी तरी त्या घेतो, लगेच पुन्हा टेबलावर ठेवतो, आणि त्याच जुड्या तीन-चार वेळा विकल्या जातात. असे दान देणाऱ्या माणसांना परदेशातून पैसा येतो म्हणून स्वस्थ बसायला लावणे, हे मला मिशनकार्याचे नुकसान वाटते.

आपला,
पुणे कॅम्प

---

दादा,

मनःपूर्वक आभार. आपले पत्र मी कमिटीपुढे इंग्रजीत मांडले. पाच वर्षांच्या वचनाला बहुतेकांची संमती मिळाली. फोटोंवर मात्र थोडा वाद झाला, कारण देणगीदारांना काही तरी दाखवावे लागते, असे खजिनदारांचे म्हणणे होते. शेवटी वॉर्डनबाईंचे सहामाही पत्र उपासनेत वाचून दाखवावे, असे ठरले. आता वसतिगृहाच्या ट्रस्टच्या नोंदणीची मुदत कधी संपते आणि पहिला हप्ता एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षाबरोबर, द्यावा का, एवढे कळवावे. स्थानिक वाट्याचा ठराव आपल्या पास्टोरेट कमिटीने (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीने) मंजूर केल्यावर त्याची प्रत पाठवावी, म्हणजे दोन्ही ठराव एकत्र जोडता येतील.

आपली बहीण