बर्फ राखाडी येतोय त्याबद्दल

हिमाचलातल्या नारकंड्याच्या फोटोंत बर्फ सिमेंटसारखा राखाडी आलाय म्हणालात, पण त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरूनच मोजतो, त्यामुळे सगळीकडे पांढरं दिसलं की फोटो काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१ ते +२ वर न्या आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, तेवढं बघा.

आम्ही साताऱ्याचे चौघे हिमाचलला जाण्याआधी मुद्दाम पहाटे वेण्णा लेकला सराव करून आलो. कडाक्याच्या थंडीत तिथे दव गोठतं. जेटीच्या फळीवर मिठासारखा पातळ थर होता, नखानं खरवडला की करकरायचा. डोक्यावर ऊन आलं की हा पोत सपाट होतो. तिरपं, कोवळं ऊन असेपर्यंतच काय ते काढून घ्या. बर्फाचंही तेच, खरं सौंदर्य सावल्यांत आहे!

जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, थंडीत ती झपाट्यानं उतरते. आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. आमच्यातल्या एकानं तसाच आत नेला, लेन्सवर बाष्प धरलं आणि त्याची अख्खी संध्याकाळ गेली.