'पिशवी काढून टाका' याच्या पलीकडे काही सांगणारे डॉक्टर सुचवा (बीड / अंबाजोगाई / लातूर)

शेवंती

नमस्कार. इथे वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 37. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत क्लार्क आहे. दोन मुलं, धाकटीच्या वेळीच ऑपरेशन झालं. गेलं दीड वर्ष पाळी नऊ-दहा दिवस चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासाला पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात. मार्च एंडला काउंटरवरून पाच तास उठता आलं नाही. उठले तेव्हा खुर्चीची गादी भिजलेली. आमच्या शिपाईमावशींनी एक शब्द न बोलता गादी उलटी करून ठेवली. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. थांबलं, पुढच्या महिन्यात परत तेच. दुसऱ्यांकडे सोनोग्राफी केली, रिपोर्टवर 'बल्की युटेरस' लिहून आलं. एचबी (हिमोग्लोबिन) 7.6. ते म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग आता पिशवीचं लोणचं घालायचंय का? काढून टाका, कॅन्सरची कटकट नको." पुढच्या गुरुवारची तारीखही दिली. मी का म्हणून विचारलं तर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मॅडमना समजावा घरी."

सासूबाई म्हणतात माझी पस्तिशीत काढली, काय वाईट झालं? (त्यांची कंबर त्याच सालापासून धरलीय, ते सोडून.) काढायचीच असेल तर काढेन, हट्ट नाही माझा. पण कशासाठी काढायची ते तरी कोणी सांगावं की नाही? ऐकून घेणारे डॉक्टर माहीत असतील तर सांगा. आणि गेल्यावर विचारायचं काय, तेही.

कॉफी_हवी

आधी गुरुवार रद्द करा. 7.6 वर ठरवून करायच्या ऑपरेशनची घाई कोण करतं?? रक्त तरी वर येऊ द्या.

रिटायर्ड_सिस्टर

शेवंती, सरकारी दवाखान्यात 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी बायकांच्या वॉर्डात. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून गोळ्या आणू नकोस. पण कोणत्या दारातून कसं जायचं ते सांगू शकते.

'बल्की' हा आजार नव्हे. पिशवी जरा मोठी दिसतेय, एवढंच ते. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींच्या कागदावर हा शब्द असतो. जास्त जाण्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. आत मोड (पॉलिप) असतो, फायब्रॉइडची गाठ असते, अस्तराचा भाग पिशवीच्या भिंतीत शिरलेला असतो (त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात, त्यात पिशवी मोठी दिसते आणि दुखतंही), थायरॉइड बिघडलेलं असतं, बीज वेळेवर सुटत नसतं, रक्त गोठण्यात दोष असतो, कधी चालू असलेल्या औषधाने होतं. कॅन्सरही असू शकतो, पण तो आहे का हे तपासून ठरतं, भीती घालून नाही. चाळिशी ओलांडलेली असेल, किंवा वजन-मधुमेहासारखी जोखीम असेल, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. तुला टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगितलं का? खालून करायची सोनोग्राफी झाली का, की फक्त पोटावरून? फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा बघायची तपासणी? हे तीन प्रश्न आधी विचार.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरपुढे "खूप जातं" म्हणू नकोस. खूप म्हणजे किती हे त्यांना कळत नाही, आणि ज्यांना ऐकायचंच नसतं त्यांना तर मुळीच नाही. मोजून ने. आम्ही वॉर्डात बायकांना शिकवायचो: पॅडला नुसता डाग असेल तर 1, मध्यम भिजला तर 5, पूर्ण भिजला तर 20. रक्ताची छोटी गाठ 1, मोठी 5. पाळी संपली की बेरीज. शंभराच्या वर गेली तर जास्त जातंय असं धरतात. हा आमचा घरगुती हिशोब नव्हे बरं, डॉक्टरांच्या पुस्तकातला तक्ता आहे. आकडा समोर ठेवला की मान वर होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मधल्या पायऱ्या असतात. पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या (कधी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी सांगायचं). हार्मोनच्या गोळ्या. आपल्या लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने शोधलेली ऑरमेलॉक्सिफीन, तीच जी सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते, ती जास्त जाण्यावरही वापरतात. पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन. हे सगळं करून भागलं नाही, किंवा फायब्रॉइडच्या गाठी तशाच मोठ्या असल्या, तर ऑपरेशन. ज्यांना खरंच गरज होती अशा बायका ऑपरेशननंतर सुखी झालेल्याही पाहिल्यात मी. माझा राग पहिल्याच भेटीत गुरुवार देण्यावर आहे.

मायबोलीवेडी

दुर्वांचा रस अनशापोटी, आणि गुलकंद. माझ्या आजीचा उपाय. तीन महिन्यांत फरक.

रिटायर्ड_सिस्टर

गुलकंद जरूर खा, छान लागतो. पण 7.6 एचबी गुलकंदाने चढत नाही. लोहाच्या गोळ्या लिंबू-सरबताबरोबर घे, चहा आणि गोळी यांच्यात दोन तास जाऊ दे. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देतात, सरकारीत आयर्न सुक्रोज असतं. विचार.

उसाचा_फड

ताई, मी तुमच्याच जिल्ह्यातला. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी फडावरच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) वाढलो. आईची पिशवी मी चौथीत असताना काढली, तेव्हा ती तिशीचीही नसेल. पाळीत अंगावरून खूप जायचं, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावणार. डॉक्टर म्हणाला काढून टाक, सुटशील. ऑपरेशनसाठी मुकादमाकडूनच उचल घेतली. म्हणजे पिशवी गेली आणि वर कर्ज. दीड महिन्यात ती परत मोळ्या उचलायला लागली.

2019 मध्ये सरकारने बीडमध्ये पाहणी केली, 82,309 ऊसतोड बायकांमध्ये 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या आईला मी तो आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मंजी एवढ्या आहोत व्हय आम्ही."

सांगायचं कारण असं की त्यानंतर आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची तर सिव्हिल सर्जनची (जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या प्रमुखांची) परवानगी घ्यायचा नियम आला. तुमच्या डॉक्टरांनी परवानगीचा विषय काढला का? नसेल काढला तर तुम्ही काढा. नुसतं विचारा, "सर, सिव्हिलची परवानगी तुम्ही आणणार की मी अर्ज करू?" आणि तोंडाकडे बघा.

कॉफी_हवी

@उसाचा_फड, हे वाचून गप्प झाले. सुप्रीम कोर्टाचाही 2023 चा निकाल आहे ना यावर?

उसाचा_फड

हो, एप्रिल 2023. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या विनाकारण ऑपरेशनांवरून एका डॉक्टरांनीच याचिका केली होती. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं कोर्टाने सांगितलं. कागदावर आहे सगळं.

निळी_छत्री

मी पुण्यात असते, पण माझंही असंच होतं, म्हणून लिहिते. वय 41, अ‍ॅडिनोमायोसिस. तिसऱ्या डॉक्टरनी हार्मोनवालं साधन सुचवलं, दिसायला कॉपर टीसारखंच असतं. कॉपर टी मात्र नाही हं, कॉपर टीने उलट जास्त जाऊ शकतं. माझी पाळी आता दोन दिवस, तीही नावाला. पण खरं सांगते, पहिले चार महिने रोज थोडं थोडं जात राहिलं, काढून टाकायला मी दोनदा दवाखान्यात गेले होते. कुणी आधी सांगितलं असतं की सुरुवातीला असं होतं तर एवढी चिडले नसते. शिवाय सरकारी कॉपर टीसारखं हे फुकट मिळत नाही, खर्च आधी विचारा.

तीन_ताल

विषयाला थोडा फाटा फोडते, रागावू नका. भाची 15 वर्षांची, पाळी आल्यापासूनच प्रचंड जातं. डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की बसेल." बसेल म्हणजे काय! दहावीच्या सराव परीक्षेला दोन पेपर बुडाले.

रिटायर्ड_सिस्टर

लग्न हे औषध कुठल्या मेडिकलात मिळतं ते मलाही सांगा. पहिल्या पाळीपासून जास्त जात असेल तर दोन गोष्टी विचारा: नाकातून वारंवार रक्त येतं का, दात काढल्यावर किंवा कापल्यावर लवकर थांबत नाही का? घरात आणखी कुणाला? तसं असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करायला लावा, व्हॉन विलब्रँड नावाचा आजार असतो, पाळीतूनच पहिल्यांदा ध्यानात येतो. सोनोग्राफी पोटावरूनच करतील, पाणी पिऊन लघवी भरल्यावर. घाबरायचं काही नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथून सुरुवात करा.

ठाणेकर_गिरगावची

आणि ज्यांना जात नाही पण दुखतं, त्यांचंही लिहून ठेवते इथे. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असं कुणी म्हटलं तर उठून या. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तो आजार) साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. पाळीच्या वयातल्या दहापैकी एकीला तो असतो म्हणतात, आणि नाव मिळायला वर्षं जातात. माझी सात गेली. त्या सात वर्षांत अपेंडिक्ससुद्धा काढून झालं!

एक_नवरा

पुरुषाने लिहावं का कळत नव्हतं. आमच्याकडे हेच झालं तेव्हा डॉक्टर सगळं माझ्याशी बोलत होते, आजार हिचा. मग पुढच्या वेळी आम्ही घरीच ठरवून गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं की मी हिच्याकडे पाहायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर ते आपोआप हिच्याशी बोलायला लागले. तुमच्या मिस्टरांना सांगून बघा, भांडण न होता काम होतं.

लातूरची_चिवडा

डॉक्टरांची नावं इथे उघड लिहीत नाही, आधी त्यावरून धागा बंद पडलाय. पण जवळच अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या स्त्रीरोग ओपीडीत जा. लातूरलाही शासकीय आहे, नाहीतर संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय. गर्दी असते, बाकावर तीन तास जातात, शिकाऊ डॉक्टर तेच तेच विचारतात. पण एका युनिटमध्ये चार जण तुमची फाईल बघतात, आणि तुमची पिशवी काढल्याने तिथे कुणाचं बिल वाढत नाही. सिव्हिल, ग्रामीण रुग्णालय वगैरे 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे, कॉलेजं मात्र वेगळ्या खात्याकडे, तिथे थोडी फी पडते. निघता येत नसेल तर तोवर ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून मोबाइलवर फुकट सल्ला मिळतो.

जुन्या दवाखान्याकडून सगळे कागद मागून घ्या. अर्ज दिल्यापासून 72 तासांत नकला द्याव्या लागतात, नियम आहे. तोंडी मागू नका, टाळतील.

शेवंती

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दहा दिवसांनी लिहितेय.

गुरुवार रद्द केला. परवानगीचं विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली सर फोन करतील. आला नाही. फाईलच्या नकलांचा अर्ज दिला, त्या मात्र दुसऱ्याच दिवशी मिळाल्या.

अंबाजोगाईला गेले. साडेतीन तास बसले, शेंगदाण्याचे दोन लाडू खाल्ले, बाजूच्या बाईने तिची सगळी कहाणी सांगितली. मग आत एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "पॅड किती लागतात?" मी वही पुढे केली. तिने बेरीज परत करून पाहिली, 236. मॅडमना हाक मारून दाखवली. टीएसएच 14 निघालं, थायरॉइडची गोळी सुरू झाली. खालून केलेल्या सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिसची शक्यता लिहिलीय, पण आधी थायरॉइड आणि रक्त, मग तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या. पाळीत घ्यायच्या गोळ्या दिल्यात. आयर्न सुक्रोजच्या दोन बाटल्या झाल्या, तिसरी सोमवारी. पिशवीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ती कुठे पळून चाललीय?"

रिटायर्ड_सिस्टर

शाब्बास. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. हे बऱ्याचदा सांगायचं राहतं.

उसाचा_फड

वही कुठे ठेवता ताई? आईला दाखवायचीय, आमच्या वस्तीवर पोरींना सांगेल म्हणते.

शेवंती

वही दवाखान्यापुरतीच केली होती. रोजचे आकडे मी कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या खाड्यांशेजारी. परवा ह्यांनी बघितलं आणि दूधवाल्याला फोन लावायला निघाले, की मंगळवारी वीस, वीस आणि पाच, एवढं दूध आपण घेतलं कधी?